पाठची बहीण : घरातल्या बऱ्या न होणाऱ्या आजाराचा अभ्यास

मंडळाच्या बैठकीत या अंकाचे विषय वाटून घेतले, तेव्हा मी ‘नात्यांचे शब्द’ हा विषय मागून घेतला. भाषेच्या अंगाने काहीतरी लिहावं, असा विचार होता. पण लिहायला बसले आणि पहिल्याच शब्दापाशी अडकले. तो शब्द म्हणजे ‘पाठची’. आपल्याकडे लहान बहिणीला ‘पाठची बहीण’ म्हणतात, कारण ती भावाच्या पाठीवर जन्माला येते. याच ‘पाठी’वरून पाठराखण, पाठिंबा, पाठबळ, पाठीशी उभं राहणं असे किती शब्द आले! मी दादाची पाठची बहीण. गेली अडीच वर्षं या शब्दांचा अर्थ मी कोशात न बघता घरात शिकले. म्हणून हा लेख थोडा भाषेचा आणि बराचसा आजाराचा झाला आहे. मंडळातल्या कुणाच्या घरी असा प्रसंग असेल, तर यातलं काही उपयोगी पडावं, एवढाच हेतू आहे.

१. आजार कोणता?

आमचं गाव खानापूर तालुक्यात. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. दहावीनंतर, सतराव्या वर्षी, तो बेळगावला उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत लागला. आधी मोल्डिंगला, मग फेटलिंगला. फौंड्रीत वाळूच्या साच्यात वितळलेलं लोखंड ओततात. थंड झालं की साचा फोडतात, आणि तयार मालावरची वाळू, कंगोरे घासून काढतात. या वाळूत सिलिका असते. घासताना तिची जी धूळ उडते, तिच्यातला घातक भाग डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. दिसणारी धूळ नाकाघशात अडकते, न दिसणारी थेट फुप्फुसाच्या तळाशी जाते. तिथे शरीर तिच्याशी झगडतं आणि त्या झगड्यात व्रण तयार होतात. व्रण वाढत गेले की स्पंजासारखं फुप्फुस कडक होतं. याला सिलिकोसिस म्हणतात.

या आजाराबद्दल तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक, तो बरा करणारं औषध नाही. दोन, काम सोडलं तरी आत गेलेली धूळ आतच राहते, त्यामुळे आजार पुढे वाढू शकतो. तीन, एक्स-रेमध्ये तो पुष्कळदा क्षयासारखा दिसतो, आणि सिलिकोसिस असलेल्याला क्षय होण्याचा धोकाही जास्त असतो. दादाला आधी सहा महिने टीबीच्या गोळ्या चालल्या. खोकला, धाप तशीच. मार्च २०२३ मध्ये छातीचा सीटी स्कॅन झाला आणि डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, “काम काय करता?” तेरा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तेव्हा दादा तीस वर्षांचा होता.

म्हणून पहिला धडा असा : घरात कुणाला बरेच दिवस खोकला आणि धाप असेल, तर डॉक्टरांना कामाची माहिती आपणहून सांगा. दगडखाण, फौंड्री, फरशी कापणं, काचकाम, सँडब्लास्टिंग. आत्ता करत नसतील, दहा वर्षांपूर्वी करत होते, तरीही सांगा.

२. कागद

सिलिकोसिस हा कामातून होणारा आजार आहे, हे आपल्या कायद्यानं फार पूर्वी मान्य केलं. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांची यादी होती, तिच्यात सिलिकोसिस होता. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यातही तो येत होता. ईएसआयचं कार्ड असतं तर उपचार आणि पुढची भरपाई, दोन्हींची वाट मोकळी झाली असती. पण दादा कंत्राटदाराच्या हाताखाली. तेरा वर्षांत कंत्राटदार तीनदा बदलले आणि ईएसआयमध्ये त्याचं नाव कुणीच घातलं नाही. आम्ही दाखला मागायला गेलो, तर ‘या नावाचा माणूस आमच्या रजिस्टरात नाही’ असं उत्तर मिळालं. पगार रोख मिळायचा. तेरा वर्षं त्या फौंड्रीत गेली याचा पुरावा त्याच्या फुप्फुसात होता, कागदावर नव्हता.

आम्ही वकिलाकडे गेलो. त्यांनी सोबत काम केलेल्यांचे जबाब मागितले. दोघे जण तयार झाले, पण त्यांची स्वतःची नोकरी तिथेच होती. दादाच म्हणाला, “त्यांच्या पोटावर पाय नको.” प्रकरण तिथेच थांबलं. याची चीड माझ्या मनात अजून आहे, आणि ती गेली पाहिजे असं मला वाटतही नाही.

आपल्यातले कितीतरी जण सुट्टीत किंवा शिकता शिकता कंत्राटी काम करतात. तुमची हजेरी, पगाराचे मेसेज, गेटपास, कामावरचा एखादा फोटो जपून ठेवा. राजस्थान सरकारनं २०१९ मध्ये या आजारासाठी वेगळं धोरण केलं; तिथे प्रमाणपत्र मिळालेल्या रुग्णाला ३ लाख आणि मृत्यूनंतर घरच्यांना २ लाख रुपयांची तरतूद झाली. म्हणजे ठरवलं तर सरकारला करता येतं.

३. योजना कुठपर्यंत पोचते?

आमचं बीपीएल कार्ड. ‘आयुष्मान भारत’ सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. कर्नाटकात ती ‘आरोग्य कर्नाटक’शी जोडलेली आहे. ही योजना आमच्या कामी आली, हे आधी कृतज्ञतेनं सांगते. दादा तीनदा ॲडमिट झाला, तिन्ही वेळा दवाखान्याचं मोठं बिल आम्हाला भरावं लागलं नाही.

पण योजनेची रचना समजून घ्यायला हवी. ती ‘ॲडमिट’ या शब्दाभोवती बांधलेली आहे. दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यावरचे १५ दिवस, एवढाच बाहेरचा खर्च तिच्यात येतो. दादाचा आजार मात्र सोळाव्या दिवशीही तसाच होता. त्याला लागत होता घरचा ऑक्सिजन, नेब्युलायझरची औषधं, महिन्याची तपासणी, गाडीभाडं. यातलं काहीच ‘ॲडमिट’मध्ये बसत नाही.

२०२३ मध्येच महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करायचं जाहीर केलं. बाबांना फार आशा वाटली. दोन सरकारांत त्यावरून वाद झाला, वर्तमानपत्रांत मथळे आले. आम्ही मात्र घरात एवढंच बघत होतो, की तीही मुळात दवाखान्यातल्या उपचारांचीच योजना आहे. सीमेच्या अलीकडे काय नि पलीकडे काय, घरातल्या खाटेपर्यंत कुणाचीच योजना येत नव्हती.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळेल का, तेही पाहिलं. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. फुप्फुसाचा आजार त्यांत नाही. ज्याला खाटेवरून मोरीपर्यंत चालता येत नाही, तो कायद्यानं अपंग नाही.

४. हवेचा हिशेब

आपण श्वासाचे पैसे मोजत नाही. आम्ही मोजले, म्हणून हा हिशेब मांडते.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर निरोगी माणसात साधारण ९५ ते १०० दाखवतो. विश्रांतीतही आकडा ८८ किंवा त्याखाली राहू लागला, की डॉक्टर घरच्या ऑक्सिजनचा विचार करतात, आणि तो दिवसातून निदान १५ तास घ्यावा लागतो. दादाला मिनिटाला २ लिटर सांगितला होता. त्यासाठी कॉन्सन्ट्रेटर लागतो. हे मशीन खोलीतल्याच हवेतून ऑक्सिजन वेगळा काढतं. आम्ही ते भाड्यानं आणलं, महिन्याला साडेचार हजार.

पण भाडं हा अर्धाच खर्च. आमचं मशीन ३०० वॅटचं. दिवसभर चाललं तर ३०० गुणिले २४, म्हणजे ७.२ युनिट. महिन्याला २१६. कर्नाटकात ‘गृहज्योती’ योजनेत घरगुती वीज मोफत मिळते, पण ती जुन्या सरासरीच्या हिशेबानं, आणि महिन्याला २०० युनिटच्या आत राहिलात तरच. दादाला चोवीस तास ऑक्सिजन लागायला लागला, तेव्हा एकट्या मशीननंच ती रेघ ओलांडली. मग पूर्ण बिल आलं. आईनं फ्रिज बंद केला, आम्ही एका दिव्यात बसायला लागलो, तरीही काही उपयोग नव्हता. गणितच तसं होतं.

लाईट गेली की मशीन बंद. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट कधी जाईल नि कधी येईल, सांगता येत नाही. म्हणून एक छोटा सिलिंडर भरून ठेवायचो. त्यात साधारण दीड हजार लिटर मावतो. मिनिटाला २ लिटरनं साडेबारा तास. हे गणित मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवलं होतं, म्हणजे रात्री घाबरल्यावर डोकं चाललं नाही तरी कागद वाचता येईल.

ऑक्सिजन घरात असताना पाळायच्या गोष्टी : त्या खोलीत बिडी-सिगारेट नको, समई, उदबत्ती, मेणबत्ती, गॅसची शेगडी लांब, सिलिंडरच्या रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीस लावायचं नाही, ओठ सुकले म्हणून व्हॅसलिन लावायचं नाही, पाण्यावर आधारित मलम डॉक्टरांना विचारून लावायचं. आणि आकडा कमी दिसला म्हणून आपल्या मनानं लिटर वाढवायचे नाहीत. काही आजारांत जास्त ऑक्सिजननंही धोका होतो.

५. धाप लागल्यावर

मराठीत श्वासाचे शब्द फार आहेत. दम लागणं, धाप लागणं, ऊर धपापणं, जीव घाबरा होणं, श्वास कोंडणं. मी आधी हे सगळे सारखेच समजायचे. दादामुळे फरक कळला. ‘दम लागला’ म्हणाला तर थोडं बसवायचं. ‘जीव घाबरा होतोय’ म्हणाला तर त्याच्यासोबत थांबायचं, कारण तिथे धापेत भीती मिसळलेली असायची. भीतीनं श्वास वाढतो, आणि श्वास वाढला की भीती वाढते.

बिनपैशाचे उपाय काही आहेत, ते दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी शिकवले. पुढे वाकून, टेबलावर उशी ठेवून तिच्यावर हात टेकून बसायचं. नाकानं श्वास घ्यायचा आणि बशीतल्या चहावर फुंकर घालतो तसा ओठांचा चंबू करून सावकाश सोडायचा. चेहऱ्यावर, गालांवर पंख्याचा वारा घ्यायचा. वाऱ्यानं ऑक्सिजन वाढत नाही, पण गुदमरल्याची जाणीव कमी होते. आई हातपंख्यानं वारा घालायची, ते मला आधी नुसतं मायेचं वाटायचं. तो उपायच होता. जेवण एकदम नाही, थोडं थोडं. आणि प्रश्न असे विचारायचे की ‘हो-नाही’त उत्तर देता येईल. धाप लागलेल्या माणसाला ‘काय होतंय, नीट सांग’ म्हणणं ही शिक्षाच आहे.

माझं मुख्य काम मात्र पाठीचं. रात्री तो पाठीवर आडवा झोपू शकत नसे. मी त्याच्यामागे भिंतीला टेकून बसायचे आणि तो माझ्यावर पाठ टेकून डुलकी काढायचा. पाठची बहीण म्हणजे काय, ते मला तेव्हा समजलं.

६. खरं सांगायचं की नाही?

हा भाग लिहायला सगळ्यात अवघड गेला.

२०२४ च्या पावसाळ्यानंतर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की आता वर्षभराची गोष्ट आहे, फार तर थोडं वर. बाबांना आणि वहिनीला मी सांगितलं. दादाला नाही. आम्ही तिघांनी ठरवलं, ‘धीर सुटेल’. पाच महिने मी त्याला सांगत होते, की नवीन औषध येणार आहे. एक दिवस तो म्हणाला, “मला फसवायलीस व्हय गे? श्वास माझा हाय. मला कळत न्हाई काय?”

मी रडले. तो रडला नाही. त्याला बोलायचं होतं, आणि आम्ही पाच महिने त्याला बोलू दिलं नव्हतं. त्या रात्री त्यानं तीन गोष्टी सांगितल्या. एक, शेत विकायचं नाही. बाबांनी मला न सांगता गिऱ्हाईक बघितलं होतं, हे त्याला ठाऊक होतं. दोन, वहिनीनं माहेरी जायचं की इथे राहायचं ते तिचं तिनं ठरवायचं, कुणी बोलायचं नाही. तीन, परत आयसीयू नको, नळी नको.

तिसऱ्या गोष्टीवरून घरात भांडण झालं. बाबा म्हणाले, “पैशापायी पोराला सोडून दिलं म्हणतील लोक.” खरं सांगायचं तर माझ्याही मनात तो प्रश्न होता. पैसे असते तर तो असंच म्हणाला असता का? मी त्याला तसं विचारलंसुद्धा. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “थोडं पैशाचं हाय. पण सगळं पैशाचं न्हाई.” मी ते उत्तर गोड करून घेत नाही. ज्या घरात पैसे कमी असतात तिथे रुग्णाची इच्छा आणि घरची परिस्थिती एकमेकांत मिसळतात, त्या पूर्ण वेगळ्या करता येत नाहीत. पण म्हणून त्याची इच्छा खोटी ठरत नाही. डॉक्टरांनीही सांगितलं, की व्हेंटिलेटरनं हे फुप्फुस सुधारणार नाही, फक्त दिवस लांबतील.

यासंबंधी कायदा काय म्हणतो, तेही वाचकांना माहीत असावं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये, असा आजार असलेल्या माणसाला कृत्रिम उपचार नको असल्याचं आधी लिहून ठेवता येईल असा निकाल दिला, आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही करता येते. जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारनंही त्यासंबंधी आदेश काढला. दादानं सही केली. सही करताना हात थरथरत होता, पण नाव पूर्ण लिहिलं.

७. बरं करता येत नाही, तेव्हा काय करता येतं?

‘आता करण्यासारखं काही नाही’ हे वाक्य आम्ही दोनदा ऐकलं. ते बरोबर नाही. बरं करता येत नसलं तरी त्रास कमी करता येतो. त्याला उपशामक सेवा किंवा पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये आधुनिक काळातलं पहिलं हॉस्पिस सुरू केलं. त्या परिचारिका, समाजसेविका आणि डॉक्टर, तिन्ही होत्या. शरीराचं, मनाचं, घरच्या काळजीचं आणि श्रद्धेचं दुःख एकच धरून त्यावर उपचार करावा, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे मुंबईत बांद्र्याला १९८६ मध्ये ‘शांती आवेदना सदन’ सुरू झालं, पुढे गोव्यातही. पण ते कॅन्सरच्या रुग्णांसाठी. फुप्फुसाच्या रुग्णाला अशी जागा मिळणं अजून अवघड आहे.

आमच्यासाठी एका मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंनी थोड्या मात्रेत मॉर्फिन सुरू केलं. नाव ऐकून आम्ही घाबरलो. मॉर्फिन म्हणजे शेवट, असं डोक्यात बसलेलं. त्यांनी समजावलं, की अगदी लहान मात्रेनं धापेची तळमळ कमी होते, बद्धकोष्ठता होते म्हणून सोबत रेचक घ्यायचं, आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय गोळी वाढवायची नाही. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन अशी औषधं रुग्णांना मिळणं सोपं झालं, तरी ती मान्यताप्राप्त संस्थांतूनच मिळतात. गोळी महाग नव्हती. ती मिळते हे कळायलाच आम्हाला दोन वर्षं लागली. ती दोन वर्षं दादानं उगीच सोसली. तुमच्या माणसाला असा आजार असेल, तर शेवटच्या आठवड्याची वाट न बघता निदान झाल्यावरच ‘पॅलिएटिव्ह केअर कुठे आहे?’ असं विचारा.

८. सेवा करणाऱ्याचं काय?

दवाखान्यातल्या फॉर्मवर ‘नातं’ असा रकाना असतो. बायको असेल तर तिची सही, आईवडील असतील तर त्यांची. बहीण मधेच कुठेतरी. जबाबदारी पूर्ण, अधिकार अर्धा. वहिनीच्या पुढे जायचं नाही आणि मागेही राहायचं नाही, हे सांभाळताना आमचे दोघींचे खटके उडाले. शेवटी आम्ही कामं वाटून घेतली : औषधं तिच्याकडे, मशीन आणि कागद माझ्याकडे, रात्र आळीपाळीनं. वाटणी झाल्यावर भांडण कमी झालं.

मला एक सत्र सोडावं लागलं. माझी आणि वहिनीची टीबीची तपासणी करून घेतली, ती सगळ्यांनीच करावी. आणि एक गोष्ट वर्गातल्या मित्रमैत्रिणींसाठी. ‘काही लागलं तर सांग’ असं सगळे म्हणत होते, मनापासूनच. पण मला काय लागतंय ते सांगायचंही त्राण नसायचं. एका मैत्रिणीनं विचारलं, “रविवारी दुपारी दोन ते पाच मी बसू दादापाशी? तू झोप.” दुसरीनं न विचारता सगळ्या तासांच्या वह्या फोटो काढून पाठवल्या. मदत अशी, वेळ नि वार घालून करावी.

शेवटी

दादा यंदाच्या श्रावणात गेला. घरी, बसल्या जागी, पहाटे. मी मागे बसले होते. मशीन चालू होतं, त्यामुळे श्वास थांबल्याचं लगेच कळलं नाही. पाठीला कळलं.

मशीन परत केलं. शेत आहे. वहिनी आमच्याकडेच आहे, अंगणवाडीच्या कामासाठी अर्ज केलाय. पुढच्या महिन्यात बिल दोनशे युनिटच्या आत आलं आणि आई ते हातात घेऊन बराच वेळ बसून राहिली.

चर्चेसाठी

१. ‘पाठ’ आणि ‘दम’ या दोन शब्दांपासून झालेले शब्द आणि वाक्प्रचार तुमच्या घरच्या बोलीतून गोळा करा. कोणते पुस्तकात सापडत नाहीत?
२. आरोग्य योजना ‘दाखल होण्या’भोवतीच का बांधल्या जात असाव्यात? घरच्या ऑक्सिजनसाठी योजना करायची तर तुम्ही ती कशी कराल?
३. रुग्णाला खरं सांगावं का? दादाच्या घरच्यांनी पहिल्या दिवशी काय करायला हवं होतं?
४. “थोडं पैशाचं हाय. पण सगळं पैशाचं न्हाई.” या उत्तरावर गटात बोला. मत एक झालंच पाहिजे असं नाही.
५. आपल्या वर्गात कुणाच्या घरी दीर्घ आजारी माणूस आहे का? या आठवड्यात वार आणि वेळ ठरवून एक मदत करा.